सर्जेरावांचं गार घर

वरवंडच्या सर्जेरावांनी स्लॅबचा बंगला बांधला आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्यांना कळलं, की आपण घर नाही, भाकरीचा तवा बांधलाय. दुपारी भिंतीला पाठ टेकली तरी चटका बसायचा. शिरूरच्या व्याह्यांनी नुकताच एसी बसवला होता. त्याची किंमत ऐकून सर्जेराव चहाच्या टपरीवर म्हणाले, "मशिनीचा गारवा अंगाला बाधतो. मी बिनमशिनीचं घर गार करून दाखवतो."

टपरीवर बोललेलं मागं घेता येत नाही. त्यातून त्या उन्हाळ्यात ते ग्रामपंचायतीला उभे होते.

युक्ती खरं तर त्यांच्या बायकोची, साखरबाईंची. भांडगावला माहेरी त्यांचं सगळं बालपण पत्र्याखाली गेलेलं. त्यांच्या सांगण्यावरून स्लॅबवर चुना मारला, वर उसाचं पाचट अंथरून ते भिजवलं. उन्हाच्या बाजूच्या खिडक्या सकाळीच बंद, वाऱ्याच्या दारांना वाळ्याचे ओले पडदे. चार दिवसांत घर असं झालं, की माठाच्या पोटात बसल्यासारखं वाटावं.

"अभ्यास करावा लागतो," सर्जेराव गावभर सांगू लागले. साखरबाई पडद्यांवर पाणी मारत राहिल्या.

घर बघायला आधी शेजारी आले, मग शेजाऱ्यांचे पाहुणे. पारावरचा पत्त्यांचा डाव हॉलमध्ये आला. धुरपदाआत्या गहू निवडायला घेऊन उंबऱ्यात बसली ती रोजचीच झाली. सर्जेरावांचा उजवा हात हरिबा तर येताना उशीच घेऊन यायचा.

"हे घर हाय का एस्टी स्टँड?" साखरबाईंनी एकदा नवऱ्याला मोरीपाशी गाठून विचारलं.

"अगं, ही माणसं न्हाईत, मतं हायत," सर्जेराव हळूच म्हणाले. "च्या टाक."

"मतं घोरत्यात व्हय?"

निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभा होता महेंद्र. बौद्धवस्तीतला, पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा तरणा माणूस. त्याच्या दुकानावर पत्रा, आत तापलेल्या वार्निशचा वास. तिथं कुणी बूड टेकत नव्हतं. सर्जेरावांना त्याची कीव यायची.

मतदानादिवशी महेंद्रची माणसं उन्हं चढायच्या आत मत टाकून कामाला निघून गेली. सर्जेरावांचा बेत मोठा होता. आपली सगळी माणसं घरी जेवायला बोलवायची, म्हणजे दिवसभर कुणी फितवायला नको. ऊन उतरलं की टेम्पोत भरून एकदम शाळेत न्यायची. समोरच्याची छाती दडपली पाहिजे. जेवणाला आमरस होता. पातेल्यावर पातेली रिकामी झाली.

सर्जेराव शाळेसमोरच्या मांडवात मिशीवर हात फिरवत बसले. ऊन उतरलं, टेम्पो आला नाही. त्यांनी हरिबाला पिटाळलं. हरिबा गेला तो गेलाच. त्याच्या मागावर आणखी एक कार्यकर्ता धाडला, तोही परतला नाही. महेंद्र समोरच्या मांडवातून बघत होता. शेवटी सर्जेराव धोतर सावरत स्वतःच पळाले.

दारात टेम्पो उभा, आत ड्रायव्हर नाही. पडदा सारून बघतात तर हॉलभर माणूस आडवा. ड्रायव्हर कोचावर, हरिबा कोचाखाली, मागून धाडलेला कार्यकर्ता ओट्याला टेकून. साखरबाई घरात नव्हत्या. त्या मत द्यायला गेल्या होत्या.

"उठा रं," सर्जेराव म्हणाले. धावून धाप लागलेली, आवाज फुटेना. जरा दम खाऊन ओरडावं म्हणून ते खुर्चीवर बसले. ओल्या वाळ्यावरून झुळूक आली.

त्यांना साखरबाईंनी उठवलं, तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

"अहो, पेट्या गेल्या की दौंडला."

"मग मला उठवायचं न्हाई?"

"मी शाळंत रांगंत हुते. मला वाटलं, तुम्ही हितं माणसं गोळा करताय."

दुसऱ्या दिवशी दौंडला मोजणी झाली. सर्जेराव पडले. दुपारी घरी आले, तर समाचाराला माणसं आधीच येऊन पहुडलेली. "वाईट झालं आप्पा," हरिबा उशीवरूनच म्हणाला. सर्जेराव भिंतीकडेला आडवे झाले.

तेवढ्यात महेंद्र आला. गुलालानं माखलेला, मिरवणुकीनं घामाघूम. त्यानं पेढ्याचा पुडा ठेवला, पाया पडला. "आप्पा, राग धरू नका. आशीर्वाद द्या."

"दिला," सर्जेराव म्हणाले.

महेंद्र उठेना. त्यानं पडद्याकडं बघितलं, थंडगार फरशीवर तळहात टेकला.

"आप्पा, तुम्ही पडलाच हाय," तो संकोचून म्हणाला, "तर मी बी जरा पडू का?"

सर्जेराव भिंतीकडं थोडे सरकले.