कडलग मॅडमचं नूतनीकरण

कडलग मॅडमना वाटीभर आमटी नेऊन द्यायची तर आधी जबानीची तयारी ठेवावी लागते. वाटीला हात लावण्याआधी त्या विचारतात, "घरातून कोणाच्या हातात निघाली?"

"माझ्याच."

"मध्ये कुठे खाली ठेवली होती?"

"जिन्यावर. चप्पल घालताना."

"तेव्हा लक्ष वाटीकडे होतं की चपलेकडे?"

एवढं झालं की झाकण उघडायचं, डोळे मिटून वास घ्यायचा आणि म्हणायचं, "चिंच नवी आहे. छान." मग आमटी चवीने संपवतात. त्यांचा कोणावर संशय नसतो. "संशय वेगळा, नोंद वेगळी," असं त्या शांतपणे सांगतात आणि वाटी धुऊन परत देताना माझ्याकडून "मिळाली" असं तोंडी वदवून घेतात.

मॅडमचा सगळा जन्म सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेला. पोलिसांनी पाठवलेले कपडे, माती, हाडं, रक्ताचे डाग तपासायची ती जागा. शेवटी शेवटी तर अख्खी प्रयोगशाळा त्याच चालवत होत्या. निवृत्त झाल्यावर संगमनेरला, प्रवरेच्या बाजूच्या आमच्या गल्लीत, शेजारच्या घरात येऊन राहिल्या. एकट्याच. लग्नाचं कोणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात. बाजारातून कोथिंबीर आणायची राहून जावी, तसं.

हिवाळ्यात पहाटे नदीवरचं धुकं आमच्या गल्लीत शिरतं, दारांच्या कड्या ओल्या होतात आणि लांबून साखर कारखान्याचा गोडसर, आंबूस वास येत राहतो. अशा एका सकाळी मॅडम शाल पांघरून रस्त्याकडे टक लावून उभ्या होत्या.

"काही हरवलं का मॅडम?"

"नाही हो. रात्री कोण कोण आलं होतं ते बघतेय." त्यांनी धुळीतल्या खुणांवरून बोट फिरवलं. "मांजर घाईत गेलंय. सायकलवाल्याच्या मनात वळायचं नव्हतं, पण वळला. आणि इथे कुत्रं थांबलं होतं बघा. उगाचच थांबलं होतं."

पडलेलं स्वप्न सांगावं तसा त्यांचा आवाज लागला होता. मीही ते उगाच थांबलेलं कुत्रं बघत उभी राहिले. त्या दिवशी डेअरीच्या ऑफिसात मला उशिराचा शेरा मिळाला.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत, जिथे लोक देवाचा फोटो लावतात, तिथे एक प्रमाणपत्र आहे. न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा कारभार सांभाळायला या बाई लायक आहेत, असं परदेशातल्या एका संस्थेने लिहून दिलेलं. पण ही लायकी शिळी होते. ठरावीक वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी शिकण्या-शिकवण्याचे गुण साठवायचे, वर परीक्षा द्यायची.

यंदा संस्थेने मॅडमना फार अदबीने कळवलं की तुम्ही 'निवृत्त' हा वर्ग निवडू शकता. परीक्षा नाही, गुण नाहीत, नाव मात्र सन्मानाने यादीत राहील.

आमचे हे म्हणाले, "मग काय मॅडम! एक टिचकी मारा अन् मोकळ्या व्हा."

"निवृत्त नको. कार्यरत हवं."

"पण तुम्ही निवृत्तच आहात ना?"

"नोकरीतून," मॅडम म्हणाल्या.

महिन्यातून एकदा त्या एसटीने जुन्या प्रयोगशाळेत सल्लागार म्हणून जात असत. ज्याचं प्रमाणपत्र चालू, त्यालाच तिथे आत घेत. ते संपलं की हे जाणंही संपणार होतं. आम्हाला वाटलं, बाईंना घरी करमत नाही, दुसरं काय!

शिकवण्याचे गुण मिळवायला त्यांनी आमच्या बचत गटाला व्याख्यान दिलं. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात आम्ही पापडाचं पीठ बाजूला सारून बसलो. विषय होता, पुरावा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना कसा जपावा. मॅडम तासभर तल्लीन होऊन बोलल्या. एक साधा रुमालसुद्धा आपल्याला काय काय सांगू बघत असतो, आपणच कसं ऐकत नाही, असं काहीबाही. बायका पदर हनुवटीला लावून ऐकत होत्या. शेवटी यमुनाबाईंनी हात वर केला.

"आवं मॅडम, माझ्या फ्रीजमधलं श्रीखंड कोन खातंय, त्ये यातनं कळंल का?"

कोणी हसलं नाही, कारण मॅडम हसल्या नाहीत. "फ्रीजपर्यंत कोण कोण पोचतं?" त्यांनी विचारलं. "दुपारी घरात कोण असतं? डब्याचं झाकण कोणाला घट्ट लावता येत नाही?"

तिसऱ्या प्रश्नाला यमुनाबाईंच्या सासूबाई पाणी प्यायला म्हणून उठल्या, त्या काही परत आल्या नाहीत.

परीक्षा मात्र ऑनलाइन होती. मॅडमच्या घरी नेटची रड, म्हणून आमची माडीवरची खोली ठरली. वेळ परदेशातल्या सोयीची, म्हणजे आपल्याकडे भल्या पहाटे. नियम कडक. खोलीत दुसरं कोणी नको, आवाज नको. कॅमेऱ्यातून एक मुलगी सतत नजर ठेवणार. दोनदा ताकीद मिळाली की परीक्षा रद्द, आणि पुढची मिळेपर्यंत प्रमाणपत्राची मुदतही संपणार.

मी जिन्यावर बसून कान देत होते. त्या मुलीने इंग्रजीत भिंती दाखवा म्हटलं, टेबलाखाली दाखवा म्हटलं, कान दाखवा म्हटलं. मॅडम खुशीत. "तुम्ही छताकडे बघायला विसरलात," त्यांनीच तिला आठवण केली.

परीक्षा सुरू झाली. खिडकीबाहेर धुकं इतकं दाट होतं की घर तरंगत कुठेतरी निघाल्यासारखं वाटत होतं. आणि त्या धुक्यातून यमुनाबाईंचा कोंबडा आरवला.

मुलगी दचकली. "खोलीत कोण बोललं?"

"कोंबडा."

"त्याला बाहेर जायला सांगा."

"तो बाहेरच आहे," मॅडम म्हणाल्या.

ती पहिली ताकीद. मी धावत खाली आले. ह्यांना गदागदा हलवून उठवलं. हे बनियनवरच यमुनाबाईंच्या अंगणात गेले आणि कोंबडा डालग्याखाली घालून, त्यावर पोतं टाकून, शेजारी बसून राहिले. बँकेत अधिकारी असलेला हा माणूस उजाडेपर्यंत कुडकुडत कोंबड्याला "गप रे राजा, गप" म्हणत होता. राजा गप राहिला. मॅडमची परीक्षा पुरी झाली.

काही दिवसांनी निकाल लागला. मॅडम पास! नावापुढे 'कार्यरत'.

मी पेढे घेऊन गेले, तर त्यांच्या पायरीवर एक बाई बसलेली. डोक्याला फडकं, हातांवर उसाच्या पातीचे चरे. मॅडम तिच्या शेजारी खालीच, फरशीवर बसल्या होत्या.

"ह्या गयाबाई," मॅडम म्हणाल्या. "पाथर्डीकडच्या. दर हंगामाला ऊस तोडायला इकडे येतात."

मागे एका हंगामात गयाबाईंचा मुलगा कारखान्याजवळच्या कोपीवरून, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपडीतून, निघून गेला होता. सापडला नाही. पोलिसांनी गयाबाईंचं रक्त घेतलं होतं. कुठे बेवारस देह मिळाला तर ताडून बघायला. ते मॅडमच्या प्रयोगशाळेत होतं.

गयाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे. "बगितलं का बाई?"

"मागच्याच आठवड्यात. आत जाऊन, स्वतः."

"जुळलं न्हाई ना कुनाशी?"

"नाही. कोणाशीच नाही."

गयाबाईंनी श्वास सोडला. "तुमी सांगितलं म्हंजी झालं. मागं एकदा दुसऱ्या सायबानं फोनवर सांगितलं, तवा मला झोपच लागंना. त्यो बगतो का नुसतं बोलतो, काय म्हाईत!" मग डोक्याचं फडकं सारखं करत, "पुढल्या सालीबी तुमीच बगताल ना?"

"मीच बघेन. आत्ताच ठरलं तसं."

"मंग हाये त्यो. कुटंतरी हाये."

मॅडमनी आयुष्यात डोळ्यांनी दिसल्यापलीकडे एक अक्षर लिहिलं नव्हतं. कोर्टात वकिलांनी डोकं आपटलं तरी नाही. आता पुढे काय म्हणतात म्हणून मी पेढ्यांचा पुडा हातात धरून उभी राहिले. त्या बराच वेळ गयाबाईंच्या हातावरचे चरे बघत होत्या.

"असेल," त्या म्हणाल्या. "थंडीचे दिवस आहेत. कुठेतरी उबेला बसला असेल."