काकाजींच्या कॅल्क्युलेटरचे सेल

आमच्या शेजारचे काकाजी सात अधिक आठ किती, हेसुद्धा तोंडी सांगत नाहीत. "मशीनले इचारू," म्हणतात आणि खिशातून जुना कॅल्क्युलेटर काढतात. उभा जन्म जमिनी मोजण्यात गेला. "तोंडी आकड्यानं भावाभावांची डोकी फुटतेत," हे त्यांचं मत. एकदा चार पाहुणे आले, तर चहा किती कप टाकायचा हेही त्यांनी दाबून पाहिलं, आणि त्यात स्वतःला दोनदा धरलं. जास्तीचा कप मला मिळाला, म्हणून मी काही बोललो नाही.

या मशीनच्या मेमरीत एक आकडा आहे, ४७.२५. मेमरी पुसायच्या बटणावर काकाजींनी चिकटपट्टी लावून ठेवली आहे. सेल काढले की मात्र आकडा जातो. आणि गेल्या महिन्यात सेलच पाझरले. स्प्रिंगांवर हिरवा गंज चढला, पडदा फिका पडला.

काकाजींनी बेत ठरवला. बाहेरून दुसरे दोन सेल वायरींनी जोडायचे, मग जुने काढून स्प्रिंगा घासायच्या. मी वायरींची टोकं आतल्या पट्ट्यांवर दाबून धरली. वायरींना सोल्डरचा डाग द्यायच्या आधीच काकाजींनी घाईनं जुने सेल काढून टाकले, आणि घरातली लाईन गेली. सोल्डरिंगची कांडी थंड पडली.

"आता?" मी विचारलं.

"आता तुमीच सोल्डर, सर. हालू नका बाप्पा."

पाऊण तास मी हललो नाही. काकाजींनी तेवढ्यात लिंबू लावून स्प्रिंगा घासायला घेतल्या, मधेच पोहे केले आणि मला चमच्यानं भरवले. मला शिंक येऊ लागली तेव्हा त्यांनी माझं नाकच चिमटीत धरलं. माझी बोटं बधिर झाली होती आणि मी पुरता वैतागलो होतो.

"काकाजी, कागदावर लिहून ठेवा ना तो आकडा. आहे तरी कशाचा?"

"काय मालूम."

मला वाटलं, माझी गंमत करताहेत. पण ते स्प्रिंग घासायचे थांबले.

"तुमची काकू काईतरी बेरीज करून राह्यली होती. मी म्हटलं, चाल, दवाखान्यात जायले उशीर होते. तिनं मेमरीत टाकला न् म्हणे, आल्यावर पाह्यतो. मले इचारायचं राहून गेलं."

काकूंना जाऊन तीन वर्षं झाली. मला माझ्या वैतागाची लाज वाटली.

"न् कागदावर मी लिहीन तं तो माह्या हातचा होईन, सर. हा तिनं दाबलेला आहे."

लाईन आली. काकाजींनी दोन्ही वायरींना डाग दिला, फुंकर मारली आणि म्हणाले, "सोडा आता."

मी म्हटलं, "थोडं थंड होऊ द्या, काकाजी. धरतो मी."