अनधिकृत आकलन

गणित वा विज्ञानात अडचण आलेल्या विद्यार्थ्यास मदत मिळावी, यासाठी महाविद्यालयात एक साहाय्य केंद्र चालवले जाते. औषधविक्रेत्याच्या मुलीला अडचण आली आणि तिने या केंद्रावर विश्वास ठेवला. पुढचे सगळे त्यामुळे घडले.

अडचण छोटीशीच होती. गिरकी घेणारा माणूस पसरलेले हात छातीशी घेतो तेव्हा त्याची गिरकी वाढते, असे पुस्तकात होते. गणित सुटत होते, पण उत्तर काढल्यावर ऊर्जा आधीपेक्षा जास्त भरत होती. ही जादाची ऊर्जा आली कुठून?

तिने वर्गात विचारले. भौतिकशास्त्राच्या सरांनी घड्याळाकडे पाहिले.

"उत्तर बरोबर आलंय ना तुझं?"

"हो सर."

"मग अडचण कसली? केंद्रात जा."

केंद्र जिन्याखाली होते. तिथल्या मॅडम मायाळू होत्या. त्यांनी मुलीला बसायला खुर्ची दिली, प्यायला पाणी दिले, आणि शंका ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"अगं, याचं उत्तर आमच्याकडे नाहीये."

"पण सर म्हणाले, इथे मदत मिळते."

"मिळते ना! गेल्या वर्षी आलेली एकूण एक शंका आम्ही सोडवली. पण त्यासाठी शंका निवडून घ्याव्या लागतात, बाळा." मॅडमनी आवाज खाली आणला. "तू असं कर, शून्याने भागत का नाहीत, ते विचार. त्याचं उत्तर छान तयार आहे."

मुलीला ते शाळेपासून ठाऊक होते. पण मॅडमच्या डोळ्यांत एवढे आर्जव होते, की तिने विचारले. मॅडमनी रंगीत खडूंनी फळा भरून समजावले. फोटो निघाला. मुलीची गणना 'पूर्ण समाधानी' या वर्गात झाली.

संध्याकाळी ती वडिलांच्या दुकानात आली.

"तोंड का पाडलंयस गं?"

"बाबा, माझं समाधान झालंय."

"अरे वा!"

"शंका तशीच आहे."

दुकानात गिऱ्हाईक नव्हते. काउंटरमागच्या फिरत्या स्टुलावर ती बसली, दोन्ही हातांत खोकल्याच्या औषधाची एकेक मोठी बाटली धरली आणि हात पसरले. "बाबा, फिरवा मला." बाबांनी रस्त्याकडे एकदा पाहून घेतले आणि स्टुलाला झोका दिला. तिने बाटल्या छातीशी ओढल्या. स्टूल भिरभिरले आणि ती ओरडलीच.

"जोर लागतोय बाबा! बाटल्या बाहेर पळतायत आणि मी त्यांना आत खेचतेय. ती ऊर्जा माझीच आहे, माझ्या दंडांतली!"

"उतर, उतर. मला बघू दे." बाबाही दोनदा फिरले आणि लहान मुलासारखे हसले. डोकेदुखीची गोळी घ्यायला आलेले एक गृहस्थ हे दृश्य पाहून गोळी न घेताच परत गेले.

दुसऱ्या दिवशी ती धावतच केंद्रात गेली. ऐकता ऐकता मॅडम पांढऱ्याफटक पडल्या.

"कोणी समजावलं?"

"कोणीच नाही. मलाच समजलं."

"केंद्राबाहेर?"

प्रकरण प्राचार्यांकडे गेले. चौकशीला सर, मॅडम, मुलगी आणि तिच्या वडिलांना बोलावण्यात आले.

"आज एकीला आपलं आपण समजलंय," प्राचार्य गंभीरपणे म्हणाले. "उद्या दहाजणांना समजेल. मग केंद्र कशाला? आणि आपण तरी कशाला?"

"शिवाय हा ऊर्जेचा मुद्दा पुढच्या वर्षीच्या अभ्यासक्रमात आहे," सरांनी लक्षात आणून दिले. "तो यंदा समजणं ही सरळसरळ घुसखोरी आहे."

"अहो, पण तिचं उत्तर बरोबर आहे ना?" वडील तावातावाने म्हणाले.

"तीच तर पंचाईत आहे," प्राचार्य म्हणाले. "चुकलं असतं तर आम्ही मदत केली असती."

निर्णय सौम्य होता. 'मला काहीही समजलेले नाही' असे मुलीने सर्वांसमक्ष सांगावे. अन्यथा तिला परीक्षेला बसता येणार नाही.

वडिलांचा ताव ओसरला. त्यांनी घसा खाकरला. "म्हणून टाक गं. वर्ष वाया जाईल."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "बाबा, स्टुलावर तुम्हीपण बसला होतात ना?"

"मी?" वडील प्राचार्यांकडे पाहत म्हणाले, "मी तर गिऱ्हाईक बघत होतो."

तिने वडिलांवरची नजर काढून प्राचार्यांकडे वळवली. मग ती म्हणाली, "मला काही समजलेलं नाही."

मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "शहाणी माझी बाय! आता आम्ही तुला मदत करू शकतो."

परीक्षा झाली. निकालही लागला. तिला किती टक्के मिळाले, हे सांगण्याचे इथे काही कारण नाही. तरीही तुमच्या मनात आत्ता नेमका तोच प्रश्न आला असेल, तर संकोच करू नका. केंद्राच्या सल्लागार मंडळावर पालकांच्या काही जागा अजून रिकाम्या आहेत.