सोनटक्के आणि चोरगडाची एकच वाट

स्टीलच्या टोपीचे सेफ्टी शूज घालून आवाज न करता चालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दिगंबर सोनटक्के. आमच्या चाकणच्या कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. बसतात म्हणजे काय, आपण मान खाली घालून रिपोर्ट भरत असतो, आणि मान वर करतो तेव्हा ते बसलेले असतात. कधी आले, कुठून आले, खुर्ची केव्हा ओढली, काही कळत नाही. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी दोनदा किंचाळले आहे. दुसऱ्या वेळी माझ्या हातातला व्हर्नियर खाली पडला आणि त्याचं कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागलं. ते सोनटक्क्यांनीच मुकाट्याने करून आणलं.

"दचकू नका ताई, मी स्टोअरकडनं आलो," एवढंच म्हणाले.

आदल्या दिवशी टूलरूमकडून आले होते. कॅन्टीनपासून आमच्या टेबलापर्यंत पिवळे पट्टे आखलेली सरळ वाट आहे आणि सगळी कंपनी तिच्यावरून चालते. सोनटक्के पट्ट्यांबाहेर पाऊल टाकणार नाहीत, नियमाचे पक्के. पण त्या पट्ट्यांना कुठे कुठे फाटे फुटतात आणि ते कुठे निघतात, हे त्यांच्याइतकं सेफ्टी ऑफिसरलाही ठाऊक नसेल. "दुसरीकडनं जमतंय का बघा" हे त्यांचं पालुपद. बिघडलेल्या गेजपासून मोशीच्या ट्रॅफिकपर्यंत सगळ्याला हेच औषध.

एकदा भोसरीला आमच्या एका सहकाऱ्याचं लग्न होतं. आम्ही सगळे कंपनीच्या बसमधून एकत्र उतरलो. कार्यालयाच्या दाराशी गुलाबपाणी शिंपडून घेईपर्यंत सोनटक्के गायब. आम्ही जेवणाच्या रांगेत पाऊण तास उभे राहून पुढे सरकलो, तर हे महाशय आचाऱ्यांच्या बाजूला उलट्या पातेल्यावर बसून गरम जिलबी खात होते. वर मलाच विचारतात, "तुम्ही पुढनं कामून आलात?"

ही खोड जन्मजात नाही. ती त्यांना चोपन्नाव्या वर्षी लागली, आणि एका कॉम्प्युटर गेममुळे लागली. मुलगी लग्न होऊन हैदराबादला गेली, तिचा कॉम्प्युटर मागे राहिला, त्यात हा खेळ होता. मूळ इंग्रजी नाव जिभेला वळसे घालणारं आहे. सोनटक्के त्याला चोरगड म्हणतात. त्यात आपण चोर असतो. कुठल्याशा परदेशी जहागीरदाराच्या गडात शिरायचं, कागदपत्रं उचलायची आणि कुणाच्या नजरेस न पडता बाहेर यायचं. कुणाला मारायचं नाही, हे सोनटक्के आवर्जून सांगतात. "मारामारी करणाऱ्याला अक्कल लागत नाही ताई. इथं नजरेत न येता काम करायचंय." त्या गडात शिरायला एकोणीस वाटा. मोरी, धोब्याची गाडी, तबेल्याचं छप्पर, मुदपाकखान्याचं धुराडं. तीन वर्षांत त्यांनी एकोणीसच्या एकोणीस पालथ्या घातल्या, आणि एकदाही पहारेकऱ्याला दिसले नाहीत. हे सांगताना त्यांची छाती अशी फुगते की शर्टाच्या खिशातला आटे मोजायचा थ्रेड गेज बाहेर डोकावतो.

हे एकट्याचं काम नव्हतं. मंगलवहिनी, म्हणजे त्यांची बायको, शेजारी दिवाणावर भाजी निवडत बसायच्या आणि वाटा सांगायच्या. "अहो, त्या खिडकीला गज नाही, जावा की तिकडनं." हे कळ दाबणारे, डोकं वहिनींचं.

गेल्या वर्षी वहिनींना पॅरालिसिसचा झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सावरले, पण वाचा परतली नाही. "हां" आणि "उंहूं" एवढ्यावर त्यांचा संसार चालू होता. सोनटक्के तेव्हापासून एकच गोष्ट बोलत होते. "चोरगडाचा दुसरा भाग येऊ द्या ताई, मंगल बोलायला लागते का नाही बघा." मला वाटायचं, नवऱ्यांना खेळायला काहीतरी निमित्त लागतंच, आणि यांना बरं सापडलंय. मी मनातल्या मनात हसायचे. आज त्याची लाज वाटते.

दुसरा भाग आला त्या सोमवारी सोनटक्के कॅन्टीनच्या पिवळ्या पट्ट्यांवरून सरळ चालत आले. बुटांचा आवाज करत. मी घाबरलेच.

"काय झालं?"

"वाट एकच हाय."

"कुठली वाट?"

"गडात शिरायची. एकच. पुढं चला, पुढं चला, पुढं चला. मागचं दार आपोआप बंद व्हायलंय. पडद्यावर बाण दाखवायलेत, इकडं जा म्हणून. हा गड हाय का दर्शनबारी?"

पुढच्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये याच विषयावर रण माजलं. मेंटेनन्सचे शेखभाई हा खेळ आधीच संपवून बसले होते आणि त्यांना तो बेहद्द आवडला होता. "मामा, ड्युटी करून घरी गेल्यावर मला पाऊण तास मिळतो. त्यात मोरी शोधत बसू का गेम खेळू? पहिल्या भागात मी चार दिवस तबेल्यातच फिरत होतो राव. आता गोष्ट तरी पुढं सरकते. शेवटाला तर डोळे भरून येतात."

"डोळे भरायला मालिका बघा. गडात कामून आलात?"

"तुम्हाला सगळ्याला उलटीकडूनच जायचं असतं, मामा."

असलाच वाद इंटरनेटवर त्या खेळाच्या चाहत्यांच्या ग्रुपवर पेटला होता. तिथे सगळा इंग्रजी कारभार. सोनटक्क्यांचं इंग्रजी रिपोर्टापुरतं, त्यामुळे बसमध्ये ते सांगायचे आणि मी टाइप करायचे. समोर पोलंडातला एक गडी होता, एका वाटेच्या पक्षाचा पुढारी. त्याचं म्हणणं, वाट एक असली की कसबी माणसाने रचलेली गोष्ट रचल्यासारखी अनुभवता येते, भरकटत नाही. मला त्याचं थोडंफार पटायचंही. पण टायपिस्टाला स्वतःचं मत नसतं, म्हणून मी सोनटक्क्यांचीच तोफ डागायचे. चिंचवड ते चाकण एवढ्या प्रवासात आम्ही पोलंडला रोज तीन वेळा निरुत्तर करत होतो. तो काही हरायला तयार नव्हता.

शेवटी सोनटक्क्यांनी ठरवलं, थेट खेळ बनवणाऱ्या कंपनीकडे तक्रार करायची. आता हा माणूस वीस वर्षं ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं देत आलेला. अमुक पार्टला बर आहे, म्हणजे कडेला धातूची कुसळं राहिली आहेत, तमुक भोक तिरकं आहे, झालं, सोनटक्के खाली मान घालून फॉर्म भरायला बसणार. त्या दिवशी त्यांचा चेहरा उजळला होता. "ताई, जन्मात पहिल्यांदा मी कस्टमर हाय."

मग त्यांनी आमच्या कंपनीचाच तक्रारीचा फॉर्म एक्सेलमध्ये उघडला. पार्ट नंबर: चोरगड-०२. दोष: वाटा किमान एकोणीस अपेक्षित, आढळली एक. तीव्रता: गंभीर. बंद दारांचे फोटो, त्यांवर लाल बाण. तातडीची उपाययोजना या रकान्यात त्यांनी लिहिलं, उरलेला माल ग्राहकांना पाठवणं तूर्त थांबवावं. मी हसू दाबत इंग्रजी केलं आणि पाठवून दिलं.

दोन मिनिटांत उत्तर. तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि खाली एक हसरा पिवळा चेहरा.

सोनटक्क्यांनी ते उत्तर वरपासून खालपर्यंत तपासलं. "मूळ कारण नाही, टार्गेट डेट नाही, जबाबदार माणसाची सही नाही. वर हसायलाय!" वीस वर्षांत इतकं ढिसाळ उत्तर त्यांनी एकाही ग्राहकाला दिलं नव्हतं. ते खरोखर दुखावले गेले होते.

पुन्हा तक्रार करायची ठरली, या वेळी ग्राहकाला होणाऱ्या त्रासाचं नीट पृथक्करण जोडून. आमच्या धंद्यात बिघाड सापडला की पाच वेळा "का" विचारतात. पहिल्या "का"ला सगळे दुसऱ्या शिफ्टचं नाव सांगतात. पाचव्यापर्यंत गेलं की बहुधा खरं बाहेर येतं. चहाच्या सुट्टीत मी पेन घेऊन बसले आणि विचारायला लागले.

"खेळ नापास का?"

"वाट एकच हाय."

"एकच आहे तर बिघडलं काय?"

"कुठनं जायचं ते ठरवावं लागत नाही."

"ठरवावं लागत नाही, यात त्रास काय? शेखभाईंना तर बरं वाटतंय."

"ठरवायचंच नसलं की कुणाला विचारावं लागत नाही."

"कुणाला का विचारायचंय?" हा चौथा होता. मी अजून गमतीतच होते.

सोनटक्क्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "मंगलला विचारायचंय ताई. डॉक्टरीणबाई म्हणल्या, तिला बोल बोल म्हणू नका, तिला उत्तर द्यावं वाटेल असं काहीतरी विचारा. मी जेवण विचारतो, औषध विचारतो. हां म्हणते. एकदा सहज चोरगड लावला आणि विचारलं, कुठनं जाऊ? तर म्हणाली, धुराडं. झटक्यानंतरचा पहिला शब्द, धुराडं." त्यांनी चष्मा परत लावला. "मग रोज एक वाट. छप्पर म्हणाली, मोरी म्हणाली. एकोणीस वाटा संपल्या. आता मी विचारायच्या आधीच ती मान हलवते, तिला सगळं पाठ हाय. नवा गड आला की नव्या वाटा, नवे शब्द. वर्षभर त्याचीच वाट बघितली मी. आणि ह्यांनी भिंतीच बांधून ठेवल्या."

पाचवा "का" मी विचारला नाही. भोंगा झाला आणि सोनटक्के पिवळ्या पट्ट्यांवरून मशीनकडे गेले.

रविवारी सकाळी मी तक्रारीचा कागद घेऊन त्यांच्या चिंचवडच्या फ्लॅटवर गेले. त्यांना त्यावर स्वतःची निळ्या शाईतली सही करायची होती, तीही माझ्यासमोर. मंगलवहिनी दिवाणावर बसल्या होत्या, मांडीवर ताटात मेथी. एकेक पान हळूहळू खुडत होत्या. मला बघून हसल्या. सोनटक्के कॉम्प्युटरसमोर.

"बघा ताई, तुम्हीच बघा," ते म्हणाले. पडद्यावर दोन उंच भिंतींमधली बोळ होती. मागचं दार बंद, समोर फाटक, वर चमकणारा बाण. चोर भिंतीला पाठ लावून उभा. आंधळ्याचीही चुकणार नाही इतकी सरळ वाट.

सोनटक्क्यांनी कळेवरचा हात उचलला आणि मागे वळून विचारलं, "मंगल, कुठनं जाऊ?"

फाटकाशिवाय जायला जागाच नव्हती, आणि हा माणूस विचारत होता. वहिनी पडद्याकडे बघत राहिल्या. खूप वेळ गेला. मी "पुढं" म्हणण्यासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात सोनटक्क्यांनी बोट ओठांवर ठेवून मला गप्प केलं. चोर उभा होता. कुकरची शिट्टी झाली तरी कुणी उठलं नाही.

"दमलाय," वहिनी म्हणाल्या.

"कोण?"

वहिनींनी मेथीच्या काडीने पडद्याकडे दाखवलं. "त्यो. पळून पळून." मग ओठ नुसतेच हलले, शब्द सापडेना. कपाळावर आठी आली. "बसू... दे."

सोनटक्क्यांनी एक कळ दाबली. चोर भिंतीच्या कडेला सावलीत खाली बसला. कंदील घेतलेला पहारेकरी आला, पुढून निघून गेला, परत आला, परत गेला. सोनटक्के खुर्ची सोडून दिवाणावर जाऊन बसले आणि वहिनींच्या ताटातली मेथी निवडायला लागले. तीन वाक्यं! वर्षभरात पहिल्यांदा. मी रडले, ते उगाच लपवत नाही.

थोड्या वेळाने त्यांनी तक्रारीवर सही केलीच. "वाट एकच हाय ही चूक ती चूकच," म्हणाले. मात्र ग्रुपवर टाकायला एक नवा मजकूर सांगितला: चौथ्या टप्प्यातल्या बोळीत दुसरा पर्याय सापडला आहे. चोराला बसवा आणि थांबा.

ग्रुपवर एकच गलका झाला. कुणी म्हणालं छुपं दार असणार, कुणी म्हणालं नवा प्रसंग सुरू होत असणार. संध्याकाळी पोलंडवाल्याचा मजकूर आला: तुम्ही सांगितल्याप्रमाणे चोराला अर्धा तास बसवून ठेवला, काहीच झालं नाही.

मी फोनवर सोनटक्क्यांना वाचून दाखवलं.

"त्याला विचारा ताई, शेजारी कोण बसलं होतं?"

मी टाइप केलं आणि पाठवलं. त्याला आता चार दिवस झाले. रोज सकाळी बस सुटली की सोनटक्के माझ्या फोनकडे बघतात आणि काळजीने विचारतात, "आलं का त्याचं उत्तर?"

अजून आलेलं नाही.