मौनाच्या तासाला तपासणी

शाळेतली नोकरी सोडून मी घरीच पाळणाघर काढणार, हे कळल्यावर आमच्या शिक्षकांच्या खोलीत जो हशा पिकला तो अजून माझ्या कानात आहे.

"बाई, लहान पोरं म्हणजे परीक्षेचे पेपर नव्हेत, तपासले आणि गठ्ठा बांधून ठेवला!" गणिताचे सर म्हणाले.

मी माझ्या नेहमीच्या हळू आवाजात उत्तर दिलं, "सर, अख्खे वर्ग सांभाळले मी. ही तर पाच चिमुरडी! देवाचं नाव घ्यायचं, नीट वेळापत्रक लावायचं, की झालं!"

देव तेव्हा वर बसून पोट धरून हसला असणार.

वेळापत्रक मी लावलंच. सुंदर अक्षरात, भिंतीवर, मुलांना दिसेल अशा उंचीवर. मुलांनीही त्याचा मान राखला. त्याचा खालचा कोपरा चावून खाल्ला!

खाणाऱ्याचं नाव बटण. नुकतंच उभं राहायला शिकलेलं आणि जगातली प्रत्येक वस्तू चाखून बघणारं. त्याच्याहून मोठ्या दोघी जुळ्या. एकीने नाक खुपसलं की दुसरीने खुपसलंच. मग भोंगा. तो रडायला लागला की गल्लीतली कुत्री आपापली भांडणं थांबवून ऐकायची. आणि सगळ्यांचा पुढारी कारणबुवा. वय वर्षं चार, धंदा प्रश्न विचारणं!

"बाई, सावली ओली का होत नाही?"

शाळेत मी मुलांना प्रश्न विचारायची आणि उत्तर मला आधीच ठाऊक असायचं. हा प्रश्न मात्र माझ्याच डोक्यात घर करून बसला. आम्ही सगळ्यांनी दारात उभं राहून आपापल्या सावल्यांवर तांब्याने पाणी ओतून पाहिलं. सावल्या कोरड्या, आम्ही चिंब! आयुष्यात इतकं मन लावून मी काही शिकले नव्हते.

आता माझं एक गुपित. रोज तासभर मौन पाळायचं, हे माझं जुनं व्रत. शाळेत होते तेव्हा ते पहाटे व्हायचं. घरात कोणाला पत्ताही नव्हता, कारण त्या वेळी आमचे हे घोरत असायचे. व्रताचा गाजावाजा केला की त्याची जाहिरात होते, असं माझं मत. म्हणून यांनाही कधी सांगितलं नव्हतं. पण पाळणाघरात पहिलं मूल उजाडतानाच येतं. तेव्हा मी मौन दुपारी, मुलांच्या झोपेच्या वेळेवर ढकललं. यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. दुपारी हे तिकडेच.

घोटाळा एवढाच, की मुलं झोपतात हे मी गृहीत धरलं होतं!

"बाई, बोलत का नाही?" कारणबुवाने विचारलं. मी गप्प. त्याने चमच्याने माझं तोंड उघडलं आणि आत डोकावला. जुळ्याही डोकावल्या. मग त्याने बॅटरी आणली! तास संपल्यावर मी खरं ते सांगून टाकलं. मुलांशी खोटं बोलवत नाही हो.

"देवाचं ऐकायचं तर आपल्याला गप्प बसावं लागतं. पण हे कोणाला सांगायचं नाही हं!"

दुसऱ्या दिवसापासून अख्खी पलटण ओठांवर बोट ठेवून माझ्याभोवती बसायला लागली. भोंगासुद्धा बिनआवाजी रडायचा! तोंड उघडं, डोळ्यांत धारा, आवाज शून्य. मला तर भरूनच यायचं.

आणि अशात परवानगीच्या तपासणीचा दिवस उजाडला. परवानगी नाही, तर उद्यापासून मुलं दुसरीकडे. शाळेतली माझी जागा केव्हाच भरली होती. त्यात सावलीचं उत्तरही अजून मिळालं नव्हतं!

सकाळी येणाऱ्या तपासनीस बाई आल्या दुपारी. माझं मौन नुकतंच सुरू झालेलं. दुकानात वीज नाही म्हणून हे नेमके घरी. दार यांनीच उघडलं.

"पाळणाघर हेच ना? मग आवाज कसा नाही?"

"अहो, आमच्या हिचा धाकच तसा आहे!" हे छाती फुगवून म्हणाले.

बाईंच्या भुवया कपाळाच्या वर निघून गेल्या. त्यांनी आपली पिशवी जमिनीवर ठेवली आणि कारणबुवापुढे वाकल्या.

"बाळ, नाव काय तुझं?"

कारणबुवाने ओठांवर बोट ठेवलं. जुळ्यांनीही ठेवलं. अनोळखी चेहरा जवळ आला म्हणून भोंगा रडायला लागला. अर्थात बिनआवाजी!

"अरे देवा! या मुलाला रडतानासुद्धा आवाज काढायची चोरी?" बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही बोला!"

मी मनातल्या मनात देवाकडे खाणाखुणांपुरती सवलत मागितली. लिहिण्याची मागवेना, लिहिलेलं तर बोलण्याहून पक्कं. मी हात जोडले आणि वर बोट दाखवलं.

"वरच्या मजल्यावर काहीतरी आहे म्हणते," यांनी अर्थ लावला.

"वरच्या मजल्यावर आणखी मुलं कोंडलीत?"

"छे हो! आम्हाला वरचा मजलाच नाही!"

तेवढ्यात माझं लक्ष बाईंच्या पाठीमागे गेलं. कारणबुवाचं अर्धं अंग पिशवीत! त्यातून दोन शिक्के आणि शाईची डबी बाहेर आली. त्याने शिक्का उलटा करून पाहिला, हुंगला आणि स्वतःच्या पोटावर मारून बघितला. मग जुळ्यांची कपाळं. मग भोंगा. मग दार! सगळं अगदी व्रतस्थ शांततेत. हे दमून बुटक्या स्टुलावर टेकले, तर मागून यांच्या टकलावरही एक पडला. "माशा फार झाल्यात," म्हणत यांनी नुसता हात हलवला.

मी कळवळून पिशवीकडे बोट दाखवलं आणि तळहातावर मूठ आपटली.

"लगेच शिक्का मारा म्हणते!"

"माझ्यावर दबाव आणताय?"

मी जोरजोरात मान हलवली आणि आणखी जोराने मूठ आपटली.

"थांबा, थांबा! ठोसा मारीन म्हणते!"

बाई दोन पावलं मागे सरकल्या. "बस्स झालं! मी आत्ताच्या आत्ता पालकांना बोलावते. हे पाळणाघर बंद!"

त्यांनी फोन काढला, आणि तिकडे बटणने शाईची उघडी डबी तोंडाकडे नेली. एकीकडे व्रत, दुसरीकडे बटणचं तोंड!

"बटण! खाली ठेव!!"

हा आवाज माझ्यात कुठे होता, देव जाणे. तावदानं थरथरली. डबी पडली. बाईंचा फोन पडला. हे तर स्टुलावरून उठून हात बाजूला सोडून ताठ उभे राहिले!

आणि धरण फुटलं.

"बाई बोलल्या! बाई बोलल्या!"

"आम्ही देवाचं ऐकत होतो!"

भोंग्याने तुंबवलेला सगळा आवाज एकदम सोडला. गल्लीतून कुत्र्यांनी दाद दिली. त्या कल्लोळात मी माझं व्रत बाईंना कसंबसं समजावलं. हे तोंड वासून ऐकत होते.

बाईंनी तरीही कारणबुवाला खात्री करून घ्यायला विचारलं, "बाई मारतात का रे?"

"नाही. आम्ही सावल्या भिजवतो. तुम्ही हा शिक्का रोज कोणाला मारता? शाई निळीच का? यावर अक्षरं उलटी का?"

बाई खाली मांडी घालून बसल्या आणि त्याला उलटी अक्षरं समजावून सांगायला लागल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी वर पाहिलं. दारावर 'मंजूर', कपाळांवर 'मंजूर', कारणबुवाच्या पोटावर तिरका 'मंजूर'.

"पण मी अजून काही ठरवलंच नव्हतं!"

"मग आता ठरवा ना!" कारणबुवा म्हणाला.

बाई पहिल्यांदाच हसल्या, आणि पाळणाघर वाचलं.

संध्याकाळी जुळ्यांच्या आईने दोन्ही कपाळं वाचली आणि काळजीने विचारलं, "बाई, एखाद्या दिवशी पोरी नामंजूर झाल्या, तर ठेवून घ्याल का?"

मुलं गेल्यावर मी मोडलेलं मौन भरून काढायला डोळे मिटून बसले. एवढ्यात हे आरशापाशी ओरडले. तो दुसरा शिक्का होता! टकलाच्या बरोबर मधोमध, ठसठशीत 'नामंजूर'.

"अगं, हे साबणाने जातं का? उद्या गिऱ्हाइकं काय म्हणतील? मौन आहे, माहितीये, पण नुसती मान तरी हलव!"

मी मान हलवली नाही. डोळेही उघडले नाहीत. मौनात बोलायचं नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. हसून हसून खुर्चीवरून पडलेलं चालतं का, हे मात्र कोणाला तरी विचारून घ्यायला हवं!