दिगांबरकाकांच्या गोष्टीत कोणी मरत नाही

दिगांबरकाकांच्या महाभारतात अभिमन्यू मरत नाही. तो चक्रव्यूहाच्या सातव्या फेऱ्यात पोहोचतो, सहा महारथी त्याला घेरतात, आमच्या पाचवीच्या वर्गातली पोरं श्वास रोखून बसतात, आणि काका खिशातून शिट्टी काढून फुर्रर्र वाजवतात. "सरका बाजूले! उतरनाऱ्याले आधी उतरू द्या!" महारथी सरकतात. अभिमन्यू उतरतो आणि सुभद्रेच्या हातची गरम भाकर खायला घरी जातो. पोरं टाळ्या वाजवतात आणि मी कपाळावर हात मारून घेते.

काका तीस-बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. परतवाडा-अमरावती, परतवाडा-अकोला, उभ्या जन्माची वारी तेवढीच. रिटायर झाल्यावर ते दर शनिवारी आमच्या शाळेत पुराणातल्या गोष्टी सांगायला येऊ लागले. फुकट येतात, सायकलवर येतात आणि बोलावलं नाही तरी येतात. मी या शाळेत बदलून आले तेव्हा हेडसरांनी खुर्च्या आणि फळा जसा माझ्या ताब्यात दिला, तसे काकाही दिले.

त्यांच्या गोष्टी ऐकल्या तर गणपतीने लेखणी टाकून घरचा रस्ता धरावा. श्रावणबाळ वाचतो, कारण दशरथाचा बाण घागरीला लागतो. जटायूला अचलपूरच्या गुरांच्या दवाखान्यात टाके पडतात. कर्णाच्या रथाचं चाक रुतलं, तेव्हा काका म्हणाले, "घाबरू नका, स्टेपनी होती!"

"काका, असं कुठं लिहिलंय?" मी एकदा चिडून विचारलं.

"मॅडम, माह्या गाडीत चढलेला मानूस उतरला नाई, असं एकदाई झालं नाई. चढला तो उतरलाच पाह्यजे. तुमच्या व्यासानं पोरगं आत घेतलं अन् उतरवाचा पत्ताच नाई. कोन्या डेपोत चालते हे?"

हातात छडी घ्यावी, तर समोर बासष्ट वर्षांचा माणूस.

मग घटक चाचणी झाली. प्रश्न होता, अभिमन्यूचा शेवट कसा झाला? एकूण एक पोरांनी लिहिलं, 'तो घरी जाऊन जेवला.' एकाने तर सोबत वांग्याची भाजीही वाढली होती. काका नेहमीप्रमाणे स्टाफरूममध्ये चहा पीत पोरांचे पेपर वाचत बसले होते. त्यांना पोरांचं अक्षर वाचायची भारी हौस. "वा! सारे पास!" म्हणाले. मी सगळ्यांना शून्य दिलं.

एका पालकाने तक्रार केली. केंद्रप्रमुखांनी कळवलं, शनिवारी स्वतः येऊन ऐकतो आणि मग ठरवू, हा तास ठेवायचा की बंद करायचा. मी काकांना गाठलं.

"काका, या शनिवारी अभिमन्यू मेला पाहिजे. नाहीतर तुमचा शनिवार गेला समजा."

काकांचा चेहरा उतरला. काकू गेल्यापासून परतवाड्याच्या त्या दोन खोल्यांत ते एकटेच असतात, हे मला माहीत होतं. शनिवार गेला तर त्यांच्याकडे उरतं काय, हेही माहीत होतं. पण मी तरी किती सोसायचं?

"मारतो, मॅडम," ते म्हणाले.

शनिवारी साहेब खुर्चीत बसले, पोरं सतरंजीवर. काकांनी गोष्ट रंगवली. पहिला फेरा, दुसरा, चौथा, सहावा. सातव्यात रथ मोडला, धनुष्य तुटलं. काकांचा हात शिट्टीच्या खिशाकडे गेला आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले. हात खाली आला.

"अन् मंग त्याईनं... मंग त्याले..."

साहेब खाकरले.

"मॅडम, मले नाई जमत," काका माझ्याकडे वळून म्हणाले. "घरातलं गेलेलं मानूस काई केल्या वापस येत नाई. इथं तरी कोनी मरू नये, असं वाटते मले."

पहिल्या रांगेतली आफरीन उठून उभी राहिली.

"काका, तुमी बसा. मी सांगतो. तो मेला. आमाले माहीत आहे."

"केव्हापासून?" काकांनी विचारलं.

"दुसरीपासून. तुमी पहिल्या वर्षी खरं सांगतलं होतं अन् मंग लय रडले होते. माह्या मोठ्या ताईच्या वर्गात. तवापासून साऱ्या शाळेले माहीत आहे, काकाले सांगाचं नाई म्हनून."

"अगं, मग पेपरात खोटं काहून लिहिलं?" मी सगळं व्याकरण विसरून ओरडले.

"पेपर काका वाचते नं, मॅडम."

मला त्या वेळी माझी जी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

काका सतरंजीवर पोरांच्या मधे बसले. आफरीनने सहाही महारथींची नावं घेतली, एकही घाव गाळला नाही. अभिमन्यू पडला. काका दुपट्ट्यात तोंड लपवून रडले. पन्नास पोरं, पण एकही फिदी-फिदी हसलं नाही.

"मंग त्याच्या घरचे?" काकांनी विचारलं, जणू ही गोष्ट ते पहिल्यांदाच ऐकत होते.

"मंग त्याच्या बायकोले, उत्तरेले, पोरगा झाला. परीक्षित. जन्मला तवा तो मेलेलाच होता, पन कृष्णानं त्याले जित्ता केला," आफरीन म्हणाली. "हे खरंच लिहेल आहे काका, पुस्तकात. मी पाह्यलं."

काकांनी डोळे पुसले. परीक्षित त्यांना ठाऊक होता. पण अभिमन्यू दरवेळी घरी जेवायला जायचा, त्यामुळे परीक्षितापर्यंत यायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

"व्हय गड्या," ते म्हणाले. "त्याचं तं मी सांगतलंच नाई कधी."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि गोष्ट सांगायला पुन्हा पोरांसमोर उभे राहिले. साहेब निघायच्या बेतात होते, ते परत खुर्चीत टेकले. मी जाऊन सतरंजीवर काकांच्या रिकाम्या जागी बसले.