हजेरी एक, माणसं घरभर

लेकीची कार्यशाळा संध्याकाळी होती आणि पोस्टमास्तर दुपारपासूनच इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. जेवणानंतरची झोपसुद्धा त्यांनी भिंतीला टेकून, सदऱ्याला सुरकुती पडू न देता काढली.

“अहो, तिला तुम्ही दिसणार नाही आहात,” बायको म्हणाली. “ऑनलाइन आहे ते. बोलणारी तेवढी दिसते. ऐकणाऱ्याचं फक्त नाव दिसतं.”

“मग नावाला साजेसं नको का दिसायला?” पोस्टमास्तर म्हणाले.

थैली खांद्याला लावून दारोदार पत्रं वाटण्यापासून त्यांनी नोकरी सुरू केली आणि पोस्टमास्तर होऊन निवृत्त झाले. नोकरी सुटली, पण हुद्दा काही सुटला नाही. अख्खी इमारत त्यांना पोस्टमास्तरच म्हणायची, आणि रागाच्या भरात बायकोसुद्धा.

लेक विद्यापीठात व्यायामोपचार शिकवायची. विभागात सगळ्यात नवी, सगळ्यात हुशार आणि सगळ्यात गरीब गाय. विद्यापीठातले कर्मचारी आणि गावातली माणसं यांच्यासाठी ऑनलाइन कार्यशाळा घ्याव्यात, ही कल्पना तिची. खुर्चीत बसून मोडलेल्या पाठी, शिलाईयंत्रावर वाकलेल्या माना, असं सगळं तिच्या डोक्यात होतं. विभागप्रमुखांनी नाक मुरडत एक संधी दिली होती. पंचवीस माणसं आली तर पुढे चालू, नाही आली तर विषय बंद. हे तिने घरी सांगितलं तेव्हा तिचा घास हातातच राहिला होता.

“तू त्यांना काही बोलली नाहीस?” पोस्टमास्तरांनी विचारलं होतं.

“बोलले की. ‘हो सर’ म्हणाले.”

त्या क्षणी पोस्टमास्तरांनी मनाशी ठरवून टाकलं. पंचवीस काय घेऊन बसलात, पन्नास आणतो! त्यांनी स्वतःची नावनोंदणी केली, विद्यापीठाकडून लिंक आली आणि ती त्यांनी आल्या पावली इमारतीत, गल्लीत, जुन्या पोस्टातल्या मंडळींत, मेडिकलच्या दुकानात आणि शिवणक्लासात वाटून टाकली. लिंकच्या खाली लिहिलं होतं, ‘ही लिंक फक्त आपल्यासाठी आहे. कृपया इतरांना पाठवू नये.’ पोस्टमास्तरांनी ते वाचलं होतं. पण आलेली गोष्ट पुढे पोचवायची नाही, हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. शिवाय त्यांना वाटलं, सभ्य माणसं असं लिहितातच, जसं आहेर आणू नये असं लिहितात.

वेळ झाली. लॅपटॉप टीव्हीला जोडला होता. पोस्टमास्तर आत शिरले, पडद्यावर लेकीचा चेहरा आला आणि दुसऱ्याच क्षणी गेला. ‘आपण दुसऱ्या ठिकाणाहून प्रवेश केला आहे,’ अशी पाटी आली.

“मी कुठे गेलोय? मी तर इथेच आहे!” पोस्टमास्तर ओरडले आणि पुन्हा आत शिरले. तेवढ्यात फोन वाजला. खालच्या मजल्यावरचे मेडिकलवाले काका होते.

“अहो, आत गेलो आणि कोणीतरी कॉलर धरून बाहेर काढल्यासारखं झालं!”

ते बोलत असतानाच टीव्हीवर पुन्हा पाटी आली. मग फोनांची रांगच लागली. शिवणक्लासच्या मावशी चार वेळा आत जाऊन चार वेळा बाहेर आल्या होत्या. समोरच्या घरातले निवृत्त हेडमास्तर तर थेट दारातच येऊन उभे राहिले. “माझ्या स्क्रीनवर माझं नाव तुमचं कसं काय?” त्यांनी जाब विचारला.

बायकोने मोबाईल हातात घेऊन ती खालची ओळ मोठ्याने वाचली आणि कपाळाला हात लावला. “अहो, एका माणसाच्या तिकिटावर सगळं गाव गाडीत चढवलंत! एक चढला की आधीचा खाली पडतोय!”

पोस्टमास्तरांनी टीव्हीकडे पाहिलं. म्हणजे तिकडे लेकीला दिसत असणार एकच नाव. तेसुद्धा सारखं येणारं आणि जाणारं.

“सगळ्यांना सांगा, फोन बंद करा आणि इथे या,” ते म्हणाले. सांगायची गरजच नव्हती. तक्रार घेऊन आलेली माणसं जिन्यात उभीच होती. ती आत आली, त्यांच्या मागून त्यांच्या घरची आली, आणि बघता बघता बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि मधला बोळ गच्च भरला. दारात चपलांचा ढीग झाला. बेकरीवाल्या वहिनी तर दुकानावर नवऱ्याला बसवून आल्या होत्या.

चित्र एकदाचं स्थिर झालं. लेक समोरच्या कागदांशी चाळा करत होती. “आपण अजून थोडी वाट पाहू,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज चिरकला.

“तिला फोन लावा ना,” मेडिकलवाले काका म्हणाले. फोन लावला, तर तो बंद. पडद्यावर लिहावं म्हटलं, तर गोंधळ नको म्हणून विभागप्रमुखांनी ती सोय काढून टाकली होती. बोलायची सोय नव्हतीच. एका कोपऱ्यात हाताचं चित्र होतं, ते पोस्टमास्तरांनी पाचसहा वेळा दाबलं.

लेकीने ते पाहिलं आणि कसंनुसं हसली. “बाबा, हात खाली घ्या. शेवटी बोलू. तुम्ही बोलायला लागलात की थांबत नाही.”

खोलीत खसखस पिकली. पोस्टमास्तर कानशिलापर्यंत लाल झाले.

पडद्यावर लेकीने कागद बाजूला सारले. खांदे सैल सोडले. “कोणीच आलं नाही, बाबा. तुम्ही एकटेच आहात. जाऊ दे. मग ते भाषण कशाला? घरी बोलते तशी बोलते.”

“अगं नको!” बायको टीव्हीला म्हणाली. घरी लेक कशी बोलते ते तिला माहीत होतं.

“उभं कसं राहू नये ते सांगते. आपले मेडिकलवाले काका डोळ्यांसमोर आणा. पोट काउंटरवर ठेवायचं आणि सगळा भार एका पायावर. गुडघा दुखतो म्हणून स्वतःच्याच दुकानातलं मलम लावतात. मलमाला काय कळणार, बिचाऱ्याला?”

मेडिकलवाले काका भिंतीला रेलून उभे होते, एका पायावर. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. त्यांनी दुसरा पाय हळूच खाली टेकवला.

“हेडमास्तर बघा. मान अशी पुढे, जणू अजून कोण कॉपी करतंय ते शोधतायत. आणि शिवणक्लासच्या मावशी! उजवा खांदा कानाला लागलाय त्यांचा. इतक्या प्रेमळ बाई, पण रस्त्यात भेटल्या की वाटतं, मी यांचं काय बिघडवलंय?”

पोस्टमास्तरांना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. लिंक बंद करावी तर लेकीसमोरचं ते एकुलतं एक नावही गेलं असतं. चालू ठेवावी तर उद्यापासून इमारतीत तोंड दाखवायची सोय नाही. त्यांनी कोणाकडेही न पाहता टीव्हीकडे नजर लावली.

“आई चिडली की सगळी भांडी एकदम उचलते. तिची कंबर दुखते ती तुमच्यामुळे,” लेक म्हणाली. बायकोने मान डोलावली. एवढं एक निदान तिला पूर्ण मान्य होतं.

मग लेक कॅमेऱ्याजवळ सरकली. “आणि तुम्ही, बाबा. तुमचा डावा खांदा खाली आहे. कधी लक्षात आलंय तुमच्या? मी शाळेत जाताना तुमच्या मागून चालायचे. तुमच्या खांद्याला ती थैली. रोज बघायचे आणि वाटायचं, कोणीतरी हा खांदा सरळ करायला पाहिजे. दुसऱ्या कोणाला ते दिसतच नव्हतं. म्हणून मी हे शिकले. लोक विचारतात तेव्हा मी काहीतरी मोठं कारण सांगते. खरं कारण हे आहे.”

पोस्टमास्तरांनी डाव्या खांद्यावर हात ठेवला. आपल्या पाठीमागून चालणारं कोणी आपल्याकडे इतकं बघत होतं, हे त्यांना आज कळत होतं. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी इस्त्रीच्या सदऱ्याला खुशाल पुसले.

“चला, उठा,” लेक म्हणाली. “भिंतीला पाठ लावा. टाचा, कंबर, खांदे, डोकं, सगळं टेकवा. लाजू नका, घरात कोण आहे बघायला?”

घरातली सगळी माणसं उठली. पण माणसं जास्त आणि भिंती चार. मेडिकलवाल्या काकांनी कपाट सरकवून जागा केली. स्वयंपाकघरात ओट्याशेजारी तिघांनी पाठी लावल्या. हेडमास्तरांना काहीच मिळेना, तेव्हा त्यांनी फ्रिज धरला. “पुढच्याला जागा द्या, तुमचं झालं की सरका!” असं म्हणत मावशी रांग लावू लागल्या. पहिल्यांदा डोकं फ्रिजला टेकलं तेव्हा हेडमास्तर पुटपुटले, “अरेच्चा, छताला ओल आलीय की!” कित्येक वर्षांत त्यांनी वर पाहिलंच नव्हतं.

कार्यशाळा संपली. विद्यापीठ दोन गल्ल्या पलीकडे. लेक चेहरा पाडून घरी आली, आणि दारातला चपलांचा डोंगर पाहून तिने घाईने दार ढकललं. आत भिंतीभिंतीला पाठ लावून अख्खी इमारत उभी होती. मेडिकलवाले काका, हेडमास्तर, मावशी, सगळे तिच्याकडे बघत होते.

“तुम्ही... सगळं... ऐकलंत?” तिला एवढंच बोलता आलं.

“अक्षर न् अक्षर,” हेडमास्तर फ्रिजला टेकूनच म्हणाले.

मावशी पुढे आल्या. पोस्टमास्तरांनी मनातल्या मनात नवीन घर शोधायला सुरुवात केली.

“माझ्या खांद्यावर तू दोनच वाक्यं बोललीस,” मावशी म्हणाल्या. “काकांच्या गुडघ्यावर चांगली पाच. असं का?”

“आणि माझ्यावर एकही नाही!” बेकरीवाल्या वहिनी फणकारल्या. “मी काय इतकी सरळ आहे? माझी पाठ बघ ना जरा!”

“आधी माझी मान. मी ज्येष्ठ आहे,” हेडमास्तर म्हणाले. सगळेच एकदम बोलू लागले. ज्यांची लाज निघाली होती ते ताठ मानेने हिंडत होते आणि ज्यांची निघाली नव्हती ते रुसून बसले होते. त्या गलक्यातच लेकीच्या फोनवर विभागप्रमुखांचा व्हिडिओ कॉल आला. सगळे आवाज आवरून पुन्हा भिंतींना टेकले.

“अहवाल आलाय,” विभागप्रमुख म्हणाले. “तुमचे वडील एकोणपन्नास वेळा आले आणि अठ्ठेचाळीस वेळा निघून गेले. इतका चंचल श्रोता मी पाहिला नाही. पण माणूस एकच. तेव्हा ही मालिका इथेच थांबवू. ठीक आहे ना?”

लेकीच्या तोंडात ‘हो सर’ तयारच होतं. तिने बाबांकडे पाहिलं, भिंतीला लागलेल्या त्या सगळ्या पाठींकडे पाहिलं.

“नाही सर,” ती म्हणाली.

भिंतीला टेकलेल्या पोस्टमास्तरांनी बायकोचा हात धरला.

“हे माझे श्रोते, सर. मोजून घ्या.” तिने फोन हळूहळू खोलीभर फिरवला, स्वयंपाकघरात नेला, फ्रिजपाशी थांबवला. हेडमास्तरांनी नमस्कार केला. पडद्यावर विभागप्रमुख डोळे बारीक करून, पुढे पुढे वाकत मोजत होते. नाक जवळजवळ काचेला लागलं होतं.

“सर, असं वाकू नका,” लेक म्हणाली. “मागे टेका. अजून. दोन्ही पाय जमिनीवर. मान आत घ्या. हां, आता मोजा.”

विभागप्रमुख टेकले, पाय जमिनीवर आले, मान आत गेली. त्यांच्या चेहऱ्यावर कसलंतरी आश्चर्य पसरलं. ते मोजायचं विसरून तसेच बसून राहिले.

“पुढची कधी घेताय?” त्यांनी जरा वेळाने विचारलं. “मीही येईन म्हणतो. आणि ते हात वर करण्याचं बटण... तिथे बोलायची सोय मी करून देतो.”

टाळ्यांनी घर डोक्यावर घेतलं. लेक भिंतींपाशी फिरून खांदे दाबू लागली, माना वळवू लागली, आणि घरी बोलते तशाच आवाजात सगळ्यांना दटावू लागली. माणसं निमूटपणे ऐकून एकेक करून भिंत सोडत होती.

“पोस्टमास्तर, आता सोडा ती भिंत,” मेडिकलवाले काका हळूच म्हणाले. “केव्हाच संपलं.”

“सोडतो हो,” लेकीवरची नजर न काढता पोस्टमास्तर म्हणाले. “पण ही छाती आज खालीच येत नाहीये.”